घरातील डीव्हीडी रेकॉर्डर: गोंदिया जिल्ह्यातील कॅसेटी आणि त्यांची जपणूक

डीव्हीडी रेकॉर्डर हे टीव्हीशेजारी ठेवायचे आणि संगणकावाचून स्वतंत्रपणे चालणारे यंत्र असून, टीव्हीवर चालू असलेला कार्यक्रम, कॅमेऱ्यातील चित्रीकरण किंवा जुन्या व्हिडिओ कॅसेटवरील दृश्ये कोऱ्या तबकडीवर उतरवून घेणे हे त्याचे काम असते. बाहेरून ते साध्या डीव्हीडी प्लेअरसारखेच दिसत असले, तरी प्लेअर तबकडी केवळ वाचतो आणि रेकॉर्डर ती वाचतोही व लिहितोही, हा दोहोंतील मूलभूत फरक आहे. पायोनियर या जपानी कंपनीने १९९९ च्या अखेरीस असा पहिला घरगुती रेकॉर्डर जपानच्या बाजारात आणला, तेव्हा त्याची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची होती. पुढील पाच-सहा वर्षांत मात्र किमती झपाट्याने उतरल्या आणि व्हीसीआरची जागा घेणारे स्वस्त यंत्र म्हणून तो मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोहोचू लागला.

भारतात त्याचा प्रसार पाश्चात्त्य देशांइतका कधीच झाला नाही. येथे कॅसेटनंतर लोकांनी व्हीसीडी स्वीकारली, तिचे प्लेअर अल्प किमतीत मिळू लागले, आणि २००७ साली मोझर बेअर या कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना व डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्यानंतर चित्रपट घरी टिपून ठेवण्याचे कारणच उरले नाही. असे असूनही ज्या थोड्या घरांत आणि ज्या लहानमोठ्या व्हिडिओ शूटिंगच्या दुकानांत हे यंत्र आले, तेथे त्याने एक वेगळेच काम केले, ते म्हणजे कॅसेटवर अडकलेले खासगी आणि गावगाड्यातील चित्रीकरण सोडवून घेण्याचे. बाजारात ज्याची प्रत कधीच विकत मिळणार नाही, असे चित्रीकरण जिथे अधिक, तिथे या साध्या यंत्राचे मोल अधिक, असे या प्रकरणाचे प्रतिपादन आहे. आणि ते पारखून पाहण्यास गोंदिया जिल्ह्याइतके योग्य ठिकाण विरळा.

बाजारात न मिळणारे चित्रीकरण

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव हे त्याचे आठ तालुके असून, उत्तरेला मध्य प्रदेश व पूर्वेला छत्तीसगड यांच्या सीमा भिडल्यामुळे मराठी, झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी आणि छत्तीसगढी या भाषा येथे एकमेकींच्या शेजारी नांदतात. धान हे मुख्य पीक असल्याने वर्षाचा सारा क्रम त्याच्याभोवती फिरतो. दिवाळीच्या सुमारास हलके धान घरी येऊ लागले, की गावोगावी मंडई भरते. मंडई म्हणजे येथे भाजीबाजार नव्हे, तर गावाची वार्षिक जत्रा, आणि तिच्या निमित्ताने दंडार व खडी गंमत यांसारखी लोकनाट्ये किंवा रात्रभर चालणारे नाटक ठेवण्याची रीत आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील जंगलपट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात व तेथील नाटकांच्या परंपरेला झाडीपट्टी रंगभूमी. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे तिच्या नाटक कंपन्यांचे मुख्य केंद्र असून, दिवाळीपासून साधारण होळीपर्यंत त्यांचा हंगाम चालतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोली आणि तिच्या लोककलांवर विपुल लेखन केले, आणि २०२३ साली या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यामुळे ती महाराष्ट्रभर अधिक परिचित झाली. तरीही एका गोष्टीची उणीव छापील लेखनाने भरून निघत नाही. नाटकाची संहिता छापता येते, पण कोणत्या गावी कोणत्या नटाने कोणता संवाद लांबवला, पद म्हणताना आवाज कुठे चढवला, प्रेक्षकांनी कशाला दाद दिली, हे संहितेत नसते. आणि दंडारीत तर बऱ्याच संवादांची जुळवाजुळव प्रयोगातच होत असल्याने प्रत्यक्ष प्रयोग हीच तिची संहिता ठरते.

व्हिडिओ कॅमेरा खेडोपाडी पोहोचला तो मुख्यतः लग्नांच्या निमित्ताने. १९९० च्या दशकात खांद्यावर घ्यायचा व्हीएचएस कॅमेरा आणि डोळे दिपवणारा दिवा घेऊन शूटिंगवाला मांडवात हजर असणे हे प्रतिष्ठेचे लक्षण झाले. नाटक, दंडार, शाळेचे स्नेहसंमेलन किंवा सालेकसा तालुक्यातील कचारगडची माघ पौर्णिमेची यात्रा हे सारे अशाच कॅमेऱ्यांच्या आवाक्यात आले होते. अशा चित्रीकरणाची मूळ प्रत बहुधा एकच असते, आणि ती कपाटात किंवा ट्रंकेत पडून असते. लग्नाच्या त्या कॅसेटीत नवरा-नवरीखेरीज आणखीही पुष्कळ काही असते: आज हयात नसलेल्या आजीचा आवाज, तिने म्हटलेली लग्नातील गाणी, मातीची घरे, सारवलेले अंगण, त्या काळचे पोशाख आणि पंगतीतील बोलणे. कुटुंबासाठी ती आठवण असते आणि समाजाच्या अभ्यासकासाठी अस्सल साधन असते.

कॅसेट का खराब होते

व्हीएचएस ही पद्धत जेव्हीसी कंपनीने १९७६ साली जपानमध्ये आणली. तिच्या कॅसेटीत १२.७ मिलिमीटर रुंदीची प्लॅस्टिकची पट्टी असते व तिच्यावर चुंबकीय कणांचा लेप चिकटद्रव्याच्या साहाय्याने बसवलेला असतो. कॅसेट चालू केली, की यंत्र ही पट्टी बाहेर ओढून एका तिरप्या, वेगाने फिरणाऱ्या पिंपाभोवती गुंडाळते. भारतात वापरल्या जाणाऱ्या पाल या दूरचित्रवाणी पद्धतीत हे पिंप सेकंदाला २५ फेरे घेते, आणि त्यावर बसवलेली सूक्ष्म शीर्षे, ज्यांना सर्वजण हेड म्हणतात, पट्टीला घासत जाऊन चित्र वाचतात. याचा अर्थ असा, की कॅसेट जितक्या वेळा पाहावी तितकी ती झिजते.

न पाहता ठेवलेली कॅसेटही सुरक्षित नसते. चिकटद्रव्य हवेतील ओलावा शोषून हळूहळू मऊ होते, लेप सुटू लागतो आणि हेडवर काळपट थर जमतो. गोंदिया जिल्ह्यात वर्षाला सरासरी १,२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. चार महिन्यांची ओल आणि त्यामागून येणारा कडक उन्हाळा हा आलटून पालटून होणारा मारा चुंबकीय पट्टीला विशेष घातक असतो. कॅसेटच्या काचेसारख्या खिडकीतून पट्टीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली, तर ती बुरशी समजावी आणि अशी कॅसेट यंत्रात मुळीच घालू नये, कारण ती बुरशी हेडवाटे पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. शिवाय कॅसेट चालवणारी यंत्रेच आता दुर्मीळ झाली आहेत. फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले, तेव्हा जगातील शेवटचा मोठा उत्पादक बाजूला झाला. पट्टी शाबूत असूनही ती वाचणारे यंत्रच नसणे, हे नुकसान पट्टी नष्ट होण्याइतकेच पूर्ण असते.

तबकडीवर चित्र कसे लिहिले जाते

कोऱ्या डीव्हीडीचा व्यास १२० मिलिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर असते, परंतु ती एकसंध नसून ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून बनवलेली असते. या चकत्यांच्या मध्ये सेंद्रिय रंगद्रव्याचा एक पातळ थर व त्याला लागून प्रकाश परावर्तित करणारा धातूचा थर असतो. रेकॉर्डरमधील ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा लेझर किरण या रंगद्रव्याला सूक्ष्म ठिकाणी तापवतो, तेथील रंगद्रव्याचे गुण बदलतात व तो ठिपका प्रकाश कमी परतवू लागतो. वाचताना तोच किरण मंद शक्तीने फिरतो आणि कुठे प्रकाश परतला, कुठे परतला नाही, यावरून माहिती उलगडतो. येथे काहीही घासत नसल्यामुळे पाहण्याने तबकडी झिजत नाही, हा तिचा कॅसेटवरील निर्विवाद वरचष्मा आहे.

एकदाच लिहिता येणाऱ्या तबकडीला आर आणि पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या तबकडीला आरडब्ल्यू असे म्हणतात. आरडब्ल्यूमध्ये रंगद्रव्याऐवजी धातूंचे मिश्रण असते, जे लेझरच्या उष्णतेने कधी स्फटिकरूप तर कधी अस्फटिक होते, आणि ते साधारण हजार वेळा पुन्हा लिहिता येते. या दोन्ही प्रकारांत पुन्हा ‘वजा’ आणि ‘अधिक’ अशी दोन कुळे आहेत, कारण निर्मात्यांच्या दोन गटांनी वेगवेगळ्या पद्धती रेटल्या. सुरुवातीचे अनेक स्वस्त रेकॉर्डर एकाच कुळाच्या तबकड्या घेत, म्हणून यंत्राच्या दर्शनी भागावरील चिन्ह पाहूनच तबकडी विकत घ्यावी लागे. कायम ठेवायच्या चित्रीकरणासाठी आर आणि पाहून झाल्यावर पुसायच्या मालिकेसाठी आरडब्ल्यू, ही विभागणी सर्वांत सोयीची ठरते.

तासांचा हिशेब

पाल पद्धतीचे पूर्ण चित्र अंकरूपात मांडले, तर ते ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे असते आणि अशी २५ चित्रे एका सेकंदात सरकतात. हे सारे जसेच्या तसे साठवायचे म्हटले, तर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४० लाख बिट लागतील व ४.७ गीगाबाइटची तबकडी पाच मिनिटांत भरेल. म्हणून रेकॉर्डर चित्राचे आकुंचन करतो. ज्या पद्धतीने तो ते करतो तिला एमपेग-२ म्हणतात, आणि तिचे मुख्य तत्त्व असे, की एका चित्रापासून पुढच्या चित्रात जेवढे बदलले तेवढेच नोंदवायचे व न बदललेली पार्श्वभूमी पुन्हा पुन्हा लिहायची नाही.

आकुंचन किती करायचे, हे वापरणारा ठरवतो आणि त्यासाठी रेकॉर्डरवर दर्जाच्या पायऱ्या दिलेल्या असतात. त्याच तबकडीवर एक, दोन, चार किंवा सहा तासांचे चित्रीकरण मावते. दोन तासांच्या पायरीवर सेकंदाला सुमारे ५२ लाख बिट वाट्याला येतात, तर सहा तासांच्या पायरीवर जेमतेम १७ लाख. पुष्कळ यंत्रे चार तासांच्या पायरीपासून चित्राची रुंदीच निम्मी करून ३५२ ठिपक्यांवर आणतात. वृत्तनिवेदक एका जागी बसून बोलत असेल, तर हे फारसे जाणवत नाही. मात्र नाटकाच्या मांडवातील अपुरा उजेड, हलणारा कॅमेरा, फेर धरून नाचणारे दंडारीतील कलावंत किंवा वरातीत उडणारा गुलाल यांत प्रत्येक क्षणी चित्राचा बराच भाग बदलत असल्याने आकुंचनावर ताण येतो आणि चित्र चौकोनी ठोकळ्यांत फुटते. जुन्या कॅसेटीवरील चित्र मुळातच पुसट असल्याने तिला कमी दर्जा पुरेल, असा एक समज आढळतो. वस्तुस्थिती उलट आहे, कारण पट्टीवरील मुंग्या, म्हणजे चित्रभर थरथरणारे कण, यंत्राला सतत होणारा बदल वाटतात आणि तो नोंदवण्यातच त्याची शक्ती खर्च होते. म्हणून कॅसेटसाठी दोन तासांच्या पायरीखाली उतरू नये.

यातून एक व्यावहारिक अडचण उभी राहते. भारतात सर्वाधिक खपलेली ई-१८० ही कॅसेट तीन तासांची असते आणि दोन तासांच्या तबकडीत ती मावत नाही. लग्नाचे चित्रीकरण असल्यास हळद व मिरवणूक एका तबकडीवर आणि लग्न व पाठवणी दुसरीवर, अशी नैसर्गिक फोड करावी. नाटक असल्यास अंक संपतो तिथे थांबावे. तबकडी वाचवण्यासाठी सारे एकीत कोंबणे हा खोटा काटकसरीपणा आहे, कारण तबकडी पुन्हा विकत मिळते, पण हे काम दुसऱ्यांदा करण्याइतकी ती कॅसेट टिकेलच, याची शाश्वती नसते.

एका कॅसेटची तबकडी

प्रत्यक्ष काम पुढीलप्रमाणे चालते. वर्षानुवर्षे पडून राहिलेली कॅसेट प्रथम शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे पट्टीचे चिकटलेले वेढे सुटतात व ताण सारखा होतो. व्हीसीआरच्या मागील बाजूस पिवळे, तांबडे व पांढरे अशी तीन छिद्रे असतात. पिवळ्यातून चित्र, आणि तांबड्या व पांढऱ्यातून अनुक्रमे उजवा व डावा आवाज बाहेर पडतो. या तीन तारा रेकॉर्डरच्या ‘इन’ लिहिलेल्या छिद्रांत आणि रेकॉर्डरच्या ‘आउट’मधून निघणाऱ्या तारा टीव्हीत घालाव्यात. व्हीसीआर एकाच ध्वनिमार्गाचा असल्यास आवाजाची एकच तार मिळते व तबकडीवर आवाज एकाच बाजूने येतो, तो दोन्ही बाजूंना देण्यासाठी एका टोकाची दोन टोके करणारी साधी पिन दुकानात मिळते. डिजिटल टेप वापरणारा कॅमेरा घरात असेल आणि रेकॉर्डरला डीव्ही नावाचे छिद्र असेल, तर तीन तारांऐवजी ती एकच तार वापरावी, कारण तिच्यातून चित्र अंकरूपातच येते व वाटेत दर्जा घटत नाही.

यानंतर रेकॉर्डरच्या रिमोटवरून बाहेरील तारांची वाट निवडून, दोन तासांची पायरी ठरवून, आधी पाच मिनिटांची चाचणी आरडब्ल्यू तबकडीवर घेतलेली चांगली. चित्राच्या तळाशी वाकडी पट्टी सरकताना दिसली, तर व्हीसीआरवरील ट्रॅकिंगचे बटण हळूहळू फिरवून ती घालवता येते. काही वेळा घरच्याच चित्रीकरणाची कॅसेट चालू असताना रेकॉर्डर मध्येच थांबतो आणि हे चित्र टिपण्यास मनाई आहे, अशी सूचना देतो. यामागे कोणतीही खरी मनाई नसते. चित्रपटांच्या विकाऊ कॅसेटींची नक्कल होऊ नये म्हणून त्यांच्या संकेतात मुद्दाम गडबड घातलेली असते, आणि जुन्या पट्टीच्या डळमळीत संकेतालाच स्वस्त रेकॉर्डर ती गडबड समजून बसतो. व्हीसीआर व रेकॉर्डर यांच्यामध्ये संकेत सावरणारे उपकरण, ज्याला टाइम बेस करेक्टर म्हणतात, जोडल्यास ही अडचण बहुधा दूर होते. ते नसल्यास दुसऱ्या व्हीसीआरवर तीच कॅसेट चालवून पाहणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

चित्रीकरण उतरून झाले, तरी काम संपत नाही. तबकडी इतर प्लेअरवर चालावी यासाठी तिच्यावर अनुक्रमणिका कायमची लिहावी लागते आणि या क्रियेला फायनलाइझ करणे म्हणतात. तिला काही मिनिटे लागतात, आर तबकडीवर तिच्यानंतर नवीन काही भरता येत नाही, आणि ती राहून गेल्यास तबकडी केवळ त्याच रेकॉर्डरवर चालते. पुढे तो रेकॉर्डर बिघडला, की चित्रीकरण तबकडीवर शाबूत असूनही ती कोरी असल्यासारखी भासते. म्हणून फायनलाइझ करून ती दुसऱ्या एखाद्या प्लेअरवर आरंभी, मध्ये व शेवटी चालवून पाहिल्याशिवाय मूळ कॅसेट टाकू नये. किंबहुना ती नंतरही टाकू नये.

येथेच आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. दोन हजारच्या दशकात अनेकांनी लग्नाच्या कॅसेटींच्या व्हीसीडी करून घेतल्या आणि कॅसेटी अडगळीत टाकल्या. व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे, म्हणजे डीव्हीडीच्या चित्राच्या साधारण चौथाईचे असते, व ते कॅसेटवरील मूळ चित्रापेक्षाही ठोकळेबाज होते. अडगळीतील कॅसेट अजून चालत असेल, तर नवी तबकडी व्हीसीडीवरून न करता कॅसेटवरूनच करावी.

वीज, धूळ आणि उष्मा

रेकॉर्डर चित्र लिहीत असताना कुठे काय लिहिले याची नोंद स्वतःच्या स्मृतीत ठेवतो आणि थांबण्याचे बटण दाबल्यावर ती तबकडीवर उतरवतो. त्यामुळे मध्येच वीज गेली, तर चित्र तबकडीवर असूनही त्याचा पत्ता हरवतो. काही यंत्रे वीज परत आल्यावर दुरुस्तीचा प्रयत्न करतात, स्वस्त यंत्रांत तो भाग अनेकदा गमावलाच जातो. भारनियमनाच्या काळात विदर्भातील ग्रामीण भागाने तासन्‌तास वीज नसण्याचा अनुभव घेतला आहे आणि पावसाळ्यात वीज जाणे-येणे आजही नवलाचे नाही. घड्याळाची वेळ विजेबरोबर पुसली जात असल्याने वेळ लावून ठेवलेले टिपणही चुकते. संगणकासाठी मिळणारा लहान यूपीएस व्हीसीआर आणि रेकॉर्डर या दोहोंना जोडणे, हा यावरील स्वस्त व खात्रीचा उपाय होय. स्टॅबिलायझर केवळ विजेचा दाब सावरतो, वीज गेल्यावर ती पुरवू शकत नाही.

लेझरचे भिंग हा यंत्राचा सर्वांत नाजूक भाग असतो. भातगिरण्यांच्या परिसरात कोंड्याची बारीक धूळ आणि उन्हाळ्यात रस्त्यांवरची माती घरात सतत येत असल्यामुळे वापर नसताना यंत्रावर कापड टाकावे, पण चालू असताना ते काढावेच, कारण लेखनाच्या वेळी लेझर व त्याला वीज पुरवणारा भाग तापतात आणि वरची झरोक्यांची जागा झाकलेली असल्यास त्यांचे आयुष्य घटते. मे महिन्यातील दुपारऐवजी पहाटे किंवा रात्री काम केलेले यंत्राच्या हिताचे असते.

सेट-टॉप बॉक्स आल्यानंतर

स्वस्त रेकॉर्डरमध्ये वाहिन्या पकडणारा ट्यूनर जुन्या, अ‍ॅनालॉग पद्धतीचा असतो आणि तो एकाच वेळी एकच वाहिनी टिपतो. केबलवाल्याची तार थेट यंत्रात घालून एक वाहिनी पाहायची आणि दुसरी टिपायची, ही सोय अ‍ॅनालॉग केबलच्या काळापुरती होती. केबलच्या डिजिटायझेशनचा कार्यक्रम चार टप्प्यांत राबवला गेला. नागपूर शहर ३१ मार्च २०१३ या मुदतीच्या दुसऱ्या टप्प्यात होते, तर इतर शहरे आणि ग्रामीण भाग पुढील टप्प्यांत येऊन ३१ मार्च २०१७ ही अखेरची मुदत ठरली. त्यानंतर रेकॉर्डरचा ट्यूनर निरुपयोगी झाला. आजही सेट-टॉप बॉक्सच्या तीन तारांतून कार्यक्रम टिपता येतो, मात्र बॉक्सवर जी वाहिनी लावली असेल तीच तबकडीवर जाते, आणि वेळ लावून टिपायचे असल्यास बॉक्सही त्या वाहिनीवर चालू ठेवावा लागतो. बॉक्समध्येच साठवण असलेल्या सेवा आणि पुढे मोबाइलवरील प्रसारण आल्यामुळे मालिका टिपण्याची गरज उरली नाही. परंतु जी गोष्ट कोणीही प्रसारित करत नाही, ती टिकवण्याची गरज त्यामुळे तसूभरही कमी झालेली नाही.

कायद्याची मर्यादा

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ३९ नुसार, प्रसारित झालेला कार्यक्रम किंवा कलावंतांचा प्रयोग स्वतःच्या खासगी वापरासाठी, तसेच प्रामाणिक अध्यापनासाठी वा संशोधनासाठी टिपणे हा त्या कलमापुरता हक्कभंग ठरत नाही. त्याच कायद्याने कलावंतांना त्यांच्या प्रयोगावर पन्नास वर्षांचा हक्क दिला आहे, म्हणून नाटकाची तबकडी काढून तिच्या प्रती विकणे किंवा इतरत्र प्रसारित करणे ही सर्वस्वी वेगळी बाब आहे. झाडीपट्टीतील कंपन्यांचे पोट तिकिटांवर चालते आणि हंगामातील उत्पन्नावर शेकडो कलावंत, वादक व मंच उभारणारे कामगार अवलंबून असतात. त्यामुळे त्यांच्या संमतीने चित्रीकरण करणे आणि त्याची एक प्रत त्यांनाही देणे, हे कायद्याला धरून आहेच, शिवाय कलावंतांच्या श्रमाचा मान राखणारेही आहे.

तबकडीनंतरची जबाबदारी

तबकडी अमर नाही. तिच्यातील सेंद्रिय रंगद्रव्य उन्हाने व उष्णतेने हळूहळू फिके पडते, कडेतून ओल शिरल्यास परावर्तक थर गंजतो, आणि एका मर्यादेपलीकडे चुका साचल्या, की यंत्र ती वाचायचेच सोडून देते. दीर्घकालीन साठवणीसाठी अमेरिकेतील एनआयएसटी या मापनसंस्थेच्या मार्गदर्शिकेने १८ अंश सेल्सिअस तापमान आणि ४० टक्के आर्द्रता सुचवली आहे. गोंदियातील सामान्य घरात हे साधणे शक्य नसले, तरी त्याच्या जवळ जाणे शक्य असते: पत्र्याच्या छताखालील माळ्याऐवजी घरातील मधल्या खोलीचे कपाट, चिकट पाकिटाऐवजी ताठ डबी, आडव्या चळतीऐवजी उभी मांडणी. तबकडीवर कागदी चिठ्ठी चिकटवू नये, कारण तिने तोल बिघडतो. पाण्यावर आधारित शाईच्या मऊ पेनाने मधल्या पारदर्शक वर्तुळावर क्रमांक लिहावा आणि बाकीचा तपशील डबीत किंवा वहीत ठेवावा. त्या तपशिलात गाव, तिथी व तारीख, प्रसंग, दिसणाऱ्या माणसांची नावे आणि चित्रीकरण करणाऱ्याचे नाव असावे. चित्रीकरणातील वृद्ध माणसांना ओळखणारी पिढी हयात आहे, तोवरच ही नावे लिहून होतात; नावांवाचून उरलेले चित्र कुटुंबातही तीस वर्षांत परके होते.

डीव्हीडी रेकॉर्डरने केलेली तबकडी हा प्रवासाचा शेवट न मानता मधला टप्पा मानावा. फायनलाइझ केलेल्या तबकडीतील माहिती संगणकावर जशीच्या तशी उतरवता येते, तीत दर्जाची कोणतीही घट होत नाही, आणि एक टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर अशा दोनशेहून अधिक तबकड्या मावतात. जाणकार तीन प्रतींचा नियम सांगतात: प्रती तीन, माध्यमे किमान दोन, आणि एक प्रत दुसऱ्या गावी. आमगावच्या घरातील लग्नाच्या चित्रीकरणाची एक प्रत नागपूरला नोकरी करणाऱ्या मुलाकडे असणे हा त्या नियमाचा अगदी सहज अवलंब आहे. आणि गावच्या मंडईतील दंडारीची एक प्रत गावच्या वाचनालयाकडे किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाकडे सोपवली, तर खासगी वस्तू सार्वजनिक ठेवा बनते.

चित्रपटांच्या जपणुकीसाठी १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, परंतु गावातील लग्न, बोलीतील गाणे आणि मंडईच्या रात्रीची दंडार यांचे संग्रहालय म्हणजे ज्या घरात कॅसेट आहे ते घरच. कोणतेही माध्यम कायम टिकत नाही. टिकते ते, ज्याची प्रत माध्यम बिघडण्याआधी कोणीतरी काढलेली असते. स्वस्त डीव्हीडी रेकॉर्डरने हे काम संगणक न येणाऱ्या माणसाच्या हाती दिले, हेच त्याचे खरे योगदान होय. ज्यांच्याकडे तो अजून चालू स्थितीत आहे, त्यांनी या हिवाळ्यात, हवा कोरडी व थंड असताना, सर्वांत जुन्या कॅसेटीपासून सुरुवात करावी. आणि ज्यांच्याकडे नाही, त्यांनी कॅसेटचे चित्र यूएसबीवाटे संगणकात उतरवणारे लहान उपकरण वापरावे किंवा शेजारच्या गावातील शूटिंगवाल्याकडे आपली कॅसेट न्यावी, पण काम पुढच्या पावसाळ्यावर ढकलू नये.